टोकावरचं बांधकाम

म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) खारट पाण्यात घालून ठेवल्या, की काही वेळाने शिंपा किंचित उघडतो आणि दोन बारीक नळ्या बाहेर डोकावतात. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. हे पाणी ओढतात ते कल्ल्यांवरचे केसांसारखे असंख्य तंतू, म्हणजे सिलिया. आपल्या श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारेही हेच.

सिलियाची जाडी जेमतेम पाव मायक्रोमीटर. आत कडेने नऊ जोडनलिका; हलणाऱ्या सिलियात बहुधा मधोमध आणखी दोन. नलिका ट्युब्युलिन या प्रथिनाच्या. पंचाईत अशी, की सिलिया वाढतात टोकाकडून, आणि आत प्रथिनं घडवणारे रायबोझोमच नाहीत. सगळा माल पेशीतून टोकापर्यंत पोचवावा लागतो.

तो कसा पोचतो याचा धागा 1993 मध्ये येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या शेपटीत (तीही एक सिलियाच) किथ कोझ्मिन्स्की यांना कण ये-जा करताना दिसले. या कणांच्या माळांना शास्त्रज्ञ चक्क ‘ट्रेन’ म्हणतात. त्यांत 22 प्रथिनं, नावं आयएफटी (शेपटीच्या आतली वाहतूक) या आद्याक्षरांवरून: आयएफटी-ए गटात 6, आयएफटी-बी गटात 16. टोकाकडे ओढतं कायनेसिन-2, परत आणतं डायनिन-2; ही इंजिनांसारखं काम करणारी प्रथिनं. परतीचं हे डायनिन जाताना त्याच गाडीवर माल म्हणून लादलेलं असतं, तेही निष्क्रिय अवस्थेत. नाहीतर दोन इंजिनांची रस्सीखेच व्हायची! रुळांचीही सोय आहे. प्रत्येक जोडनलिकेतल्या एका नलिकेवरून गाड्या वर जातात, दुसरीवरून परततात, हे 2016 मध्ये कळलं. कोकण रेल्वेने गोव्यात येणाऱ्यांना क्रॉसिंगसाठी ताटकळण्याची सवय आहे. सिलियात ती भानगडच नाही.

मला सगळ्यात रंजक वाटते ती ट्युब्युलिनची पकड. आयएफटी-81 आणि आयएफटी-74 ही प्रथिनं एकमेकांना पीळ घालून बसतात आणि त्यांची एकेक टोकं मोकळी राहतात. 81चं टोक ट्युब्युलिनच्या गोलसर गाभ्याला धरतं. ट्युब्युलिनला ऋणभारित शेपूट असते. 74च्या टोकावर धनभार असल्याने ते तिला चिकटतं. एकेकटी पकड कच्ची, दोन्ही मिळून पुरेशी. शैवालात एकच टोक बिघडवलं तर त्याची शेपटी रेंगाळत वाढते. दोन्ही बिघडवली तर वाढ जवळजवळ ठप्प होते.

2000 साली या शैवालाचा थेट वैद्यकाशी संबंध जुळला. त्याच्या आयएफटी-88 प्रथिनाचं जनुक उंदरांतल्या एका जनुकाशी जुळलं, आणि ते बिघडलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या पुटी (सिस्ट) होतात हे आधीच ठाऊक होतं. त्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या सिलिया तपासल्या, तर त्या आखूड निघाल्या. मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींवर एकेक न हलणारा सिलिया असतो. तोवर त्याला बरेच जण उत्क्रांतीतला निरुपयोगी अवशेष समजत होते.