चांगले बूट असले की बर्फात काटे लागत नाहीत?

डिसेंबर आला की दादरच्या कट्ट्यावर उत्तराखंडातल्या केदारकंठा या बर्फाळ शिखराच्या ट्रेकचे बेत ठरतात आणि तेच जुनं वाक्य कानावर येतं: "हरिश्चंद्रगडावर बूट घसरले नाहीत, मग बर्फात बुटांना लावायचे काटे कशाला? ते एव्हरेस्टवाल्यांसाठी." हे साफ चूक आहे. ताज्या, भुसभुशीत बर्फात बूट पुरतात, खरंय. पण दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठून काचेसारखा होतो आणि शिखराची चढाई नेमकी पहाटे असते. थंडीत बुटाचं रबरही कडक होतं. तिथे साखळीचे मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे छोटे काटे, घालाच. 10-12 लांब दातांचे क्रॅम्पॉन मात्र टणक, उभ्या उतारांसाठी. त्यांना ताठ तळव्याचे बूट लागतात, मऊ बुटांवरून ते निसटतात. दातांत बर्फाचा गोळा अडकला, तर थांबून काठीने ठोकून पाडा.