रोखे व्यवहार कर

शेअर बाजारातील खरेदी-विक्रीच्या रकमेवर केंद्र सरकार घेत असलेला कर. बाजारात सगळे त्याला ‘एसटीटी’ (सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स) म्हणतात. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी ८ जुलै २००४ च्या अर्थसंकल्पात तो सुचवला आणि १ ऑक्टोबर २००४ पासून तो लागू झाला. एक्सचेंज तो दलालामार्फत वसूल करते आणि कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे दलाल देतो त्या सौद्याच्या पावतीवर, त्याची रक्कम वेगळी दाखवलेली असते. ट्रेडरला नफा झाला की तोटा, याच्याशी या कराला कर्तव्य नाही. त्याची आकारणी उलाढालीवर होते. ट्रेडरवरचे त्याचे बहुतेक परिणाम यातूनच निघतात.

मूळ प्रस्तावात दर ०.१५ टक्के होता. त्याच्या बदल्यात शेअरवरील दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याला करमाफी मिळणार होती, त्यामुळे वर्षानुवर्षे शेअर धरून ठेवणाऱ्याला हा सौदा फायद्याचाच होता. भावातल्या बारीक फरकासाठी दिवसभर खरेदी-विक्री करणाऱ्या जॉबरचे गणित मात्र पार वेगळे. २०० रुपयांना घेतलेला शेअर तो काही मिनिटांत २०० रुपये २० पैशांना विकतो. मिळतात २० पैसे आणि ०.१५ टक्क्याने कर होतो ३० पैसे. दलाल स्ट्रीटवरून कडाडून विरोध झाला तो यामुळे, आणि तो रास्त होता. जॉबर हटला तर खरेदी आणि विक्रीच्या भावांतले अंतर वाढते आणि त्याची किंमत साध्या गुंतवणूकदारालाही मोजावी लागते. त्याच महिन्यात सरकारने दर बदलले. शेअर प्रत्यक्ष हाती येणाऱ्या, म्हणजे डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदीदार व विक्रेता यांना प्रत्येकी ०.०७५ टक्के, दिवसाच्या आत मिटणाऱ्या सौद्यात फक्त विक्रीवर ०.०१५ टक्के, तर फ्युचर्स (पुढच्या तारखेचे ठरल्या भावाचे सौदे) आणि ऑप्शन्स (ठरल्या भावाने खरेदी वा विक्री करण्याचा हक्क) यांवर ०.०१ टक्के. वरच्या उदाहरणातील जॉबरला आता सुमारे ३ पैसे पडू लागले.

सुरुवातीला आणखी एक आधार होता. ट्रेडिंग हाच धंदा असलेल्यांना भरलेला एसटीटी त्या उत्पन्नावरच्या प्राप्तिकरातून वजा करता येई. २००८ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत काढली आणि एसटीटी हा केवळ धंद्याचा खर्च ठरला. पूर्वी भरलेल्या शंभर रुपयांमागे प्राप्तिकर शंभराने कमी होई. आता ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या ट्रेडरचे जेमतेम तीसच वाचू लागले. दोन बाजारांतील भावांच्या बारीक फरकावर जगणाऱ्या आर्बिट्रेजवाल्यांना याची झळ सर्वाधिक लागली. त्याच वर्षी ऑप्शनच्या विक्रीवरील कर संपूर्ण सौद्याच्या मूल्याऐवजी फक्त प्रीमियमवर, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या किमतीवर, घेण्याचे ठरले. ऑप्शन्स त्यामुळे स्वस्त झाले. पुढील काळात उलाढाल तिकडे झुकण्यामागे इतरही कारणे आहेत, पण हे एक ठळक कारण मानावे लागते.

छोट्या ट्रेडरला सर्वाधिक फटका मुदत संपण्याच्या दिवशी बसे. नफ्यात असलेला ऑप्शन न विकता तसाच राहिला, तर सेटलमेंटच्या (शेवटी हिशेब मिटवण्याच्या) पूर्ण भावावर ०.१२५ टक्के कर लागे. निर्देशांक १०,००० वर आणि ऑप्शन ५ रुपये नफ्यात असेल, तर प्रत्येक युनिटमागे कर साडेबारा रुपये! नफ्यातला सौदा तोट्यात जाई, आणि हे बऱ्याच जणांना कॉन्ट्रॅक्ट नोट हातात आल्यावरच कळे. नियमातला हा दोष उघड दिसत असूनही तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. १ सप्टेंबर २०१९ पासून हा कर फक्त ऑप्शनचा ठरलेला भाव आणि सेटलमेंटचा भाव यांतील फरकावर घेतला जाऊ लागला.

वस्तू वायद्यांवर असाच कर २००८ मध्ये सुचवला गेला होता, पण तो अमलात आला नाही. १ जुलै २०१३ पासून बिगरशेती वस्तूंच्या वायद्यांवर तो ०.०१ टक्के दराने लागू झाला. मुंबईच्या एमसीएक्स या वस्तू वायदे बाजारातील उलाढाल त्यानंतर बरीच घसरली. मात्र त्याच जुलैअखेरीस एनएसईएल या वस्तूंच्या हजर बाजारातला घोटाळाही उघड झाला, त्यामुळे सगळी घसरण कराच्या माथी मारता येत नाही.

एसटीटीच्या बदल्यात करमाफी, ही मूळ देवाणघेवाण पुढे मोडली. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कर २०१८ मध्ये परत आला, एसटीटी मात्र कायम राहिला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्यावरील करही वाढला आणि एसटीटीही: १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सवर ०.०२ टक्के, ऑप्शन प्रीमियमवर ०.१ टक्के. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधील दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात होते. एसटीटी त्या ९३ जणांनीही भरला होता.