ग्रुप (विदर्भातल्या गावबोलीतला वापर)

ग्रुप हा मूळचा इंग्रजी शब्द, मराठीत पुल्लिंगी, अर्थ एकत्र आलेली माणसं किंवा एकत्र धरलेल्या वस्तू. विदर्भाच्या गावखेड्यात तो रोजच्या तोंडी आहे, पण त्यानं गट या शब्दाला हटवलं नाही. अर्थ जवळपास सारखा असूनही दोघांनी कामं वाटून घेतलीत.

इंग्रजीत हा शब्द 17व्या शतकाच्या शेवटी फ्रेंच ग्रूपवरून आला आणि फ्रेंचमधे इटालियन ग्रुप्पोवरून, इथपर्यंत वाद नाही. त्याच्या मागचं मूळ बहुतेक कोशकार जर्मानिक भाषांमधे शोधतात, गोळा किंवा पुंजका अशा अर्थाच्या शब्दात, आणि सध्या तरी तेच मत जास्त पटण्यासारखं आहे. इटालियनमधे याच कुळातल्या ग्रोप्पोचा अर्थ गाठ असा होतो. आता आपल्याकडे गाठ हा शब्द संस्कृत ग्रंथीवरून आलेला, गठ्ठाही त्याच घरचा मानतात, म्हणून गटही त्यातलाच धरून गट आणि ग्रुप एकाच मुळाचे असं कोणीकोणी सांगतं, पण नुसता आवाज आणि अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही, तेव्हा ही जोडणी मान्य करू नये हेच बरं. इंग्रजीत ग्रुप आधी चित्रकारांचा शब्द होता, म्हणजे चित्रात एकत्र काढलेल्या आकृत्या, माणसांच्या कोणत्याही जमावाला तो लागू झाला पुढच्या शतकात. गावाकडेही तो बहुधा शाळेच्या ग्रुप फोटोसोबतच आधी शिरला असावा, म्हणजे पुन्हा चित्रातूनच.

वाक्यातल्या वापराकडे नीट पाहायला पाहिजे. इंग्रजीत ग्रुप एकवचनी धरायचा की अनेकवचनी याची ओढाताण आहे, ब्रिटिश वापरात क्रियापद अनेकवचनीही चालतं, अमेरिकन वापर शक्यतो एकवचनी ठेवतो. मराठीत ही भानगडच नाही. बायायचा ग्रुप आला, असंच म्हणतात, सगळ्या बाया असल्या तरी क्रियापद पुल्लिंगी एकवचनी, आणि षष्ठीचा चा सुद्धा ग्रुपप्रमाणेच चालतो. माणसं वेगवेगळी दाखवायची असली की लगेच वाला जोडतात, ग्रुपवाल्या बाया आल्या. टीम मात्र आली, पार्टीही आली, म्हणजे एकाच वाटेनं आलेल्या शब्दांना लिंग वेगवेगळं मिळालं. प्रमाण मराठीत परक्या शब्दाचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दात होणारा बदल, सहसा होत नाही म्हणून ग्रुपला, ग्रुपमध्ये असं लिहितात. वऱ्हाडी-नागपुरीत ग्रुपले, ग्रुपमंधी, अनेकवचनात ग्रुपायले, आणि गटातच्या चालीवर ग्रुपात हे रूपही सर्रास ऐकू येतं. हे रूप अशुद्ध म्हणून खोडणं मला चुकीचं वाटतं. परका शब्द घरचा झाला की त्याला घरचा प्रत्यय लागतो, ग्रुपात हा त्याचा चांगला पुरावा आहे.

गट म्हटलं की गावात आधी बचत गट. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं 1992 मधे गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, गटात साधारण 10 ते 20 जणी असतात. रात्री जेवणं झाली की कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी पडते, रजिस्टर उघडतं, ज्या त्या बाईचा हप्ता लिहिला जातो. गटातून उचलले म्हणजे कर्ज घेतलं, इथं ग्रुपातून उचलले असं कोणी म्हणत नाही. आणि याच बायांचं मोबाईलवरचं बोलणं असतं, "मीटिंग कधी हाय वं बाई, गटाच्या ग्रुपवर टाकलं नाई तं?" गटाचा ग्रुप असतो, ग्रुपचा गट नसतो, यातच दोन शब्दांची वाटणी स्पष्ट होते, हिशोब आणि सही असली की गट, नुसतं सोबत असणं किंवा निरोप असला की ग्रुप. निरोपाच्या ग्रुपातून बाहेर पडणाऱ्याला लेफ्ट झाला म्हणतात, इंग्रजी क्रियापदाचं हे मराठी विशेषण याच संदर्भात पक्कं झालं.

मजुरीत मात्र ही वाटणी थोडी ढिली पडते. सोयाबीन सोंगणीचा, म्हणजे कापणीचा, हुंडा (ठोक मजुरी) एकरी ठरतो, तेव्हा पैशाचा व्यवहार असूनही "आमचा ग्रुप हाय आठ जणीयचा" असंच सांगतात, कारण ग्रुप हंगामापुरता जमतो आणि सोंगणी झाली की मोडतो. ढोरांना आणि पाखरांना ग्रुप लावत नाहीत, तिथं कळप, गोहन, थवा हेच. भजनालाही मंडळच.

भांडणाच्या अर्थी गटबाजी आणि ग्रुपबाजी दोन्ही चालतात, बाजी हा फारसी प्रत्यय दोघांनाही सारखाच लागतो.

सरकारी मराठीत गट हा वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांचं ओझं वाहतो. गटविकास अधिकारी यातला गट म्हणजे ब्लॉक, म्हणून लोकं सरळ बीडीओ (ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसर) म्हणतात. राज्य राखीव पोलीस बलाचा नागपूरचा गट क्रमांक 4 आणि अमरावतीचा 9, इथं गट म्हणजे बटालियनसारखी तुकडी. गट ग्रामपंचायत म्हणजे लहान गावं मिळून एक पंचायत, बोलताना ग्रुप ग्रामपंचायत. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला पश्चिम महाराष्ट्रात गट म्हणतात, विदर्भात सर्कल. जमिनीचा गट नंबर वऱ्हाडात ओळखीचा, नागपूरकडे त्या जागी खसरा नंबर.