बुशिंग जितकं लहान, तितका नेम अचूक?

बेंचरेस्टसाठी (टेबलावर रायफल टेकवून केलेल्या अचूक नेमबाजीसाठी) काडतुसं रीलोड करणाऱ्यांत, म्हणजे वापरलेल्या केस पुन्हा भरणाऱ्यांत, एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: नेक-साइझिंग बुशिंग (पितळी केसची मान, म्हणजे बुलेट धरणारं तोंड, बाहेरून आवळणारी कडी) जितकं लहान, तितकी बुलेटवरची पकड घट्ट आणि ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) लहान.

वरवर पाहता तर्क पटतो. अडचण आहे ती केसच्या पितळात. पितळ थोडंसंच ताणलं तर ते पुन्हा मूळ मापाकडे येऊ पाहतं. बुलेटवरची पकड या ओढीतूनच येते. मान जास्त आवळली, तर बुलेट आत शिरताना पितळ कायमचं ताणलं जातं आणि वाढीव घट्टपणा बराचसा वाया जातो. शिवाय बुलेट तिरकी बसण्याची भीती वेगळीच.

म्हणून सुरुवात तयार काडतुसापासून करायची. बुलेट बसवलेल्या मानेचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. तो ०.२६२ इंच भरला तर आधी ०.२६० चं बुशिंग लावून बघा. (डायमध्ये, म्हणजे बुशिंग बसवायच्या साच्यात, एक्सपांडर बॉल (मान आतून रुंद करणारा गोळा) ठेवलात तर आतलं शेवटचं माप तोच ठरवतो, मग बुशिंग बदलून फारसं काही साधत नाही.)

खात्री करायचीय? प्रायमर आणि पावडर नसलेल्या, एकाच लॉटच्या दोन केस घ्या. एक ०.२६० ने आवळा, दुसरी ०.२५६ ने. दोन्हींत बुलेट बसवा, पुलरने काढा, माना पुन्हा मोजा. आधीचा चार हजारांश इंचाचा फरक बहुतेक नाहीसा झालेला दिसेल.