वाघ ठशांवरून मोजत नाहीत
चांदोली-कोयनेच्या गावांत अजून ऐकू येतं की शास्त्रज्ञ पंजाचे ठसे मोजून वाघांचा आकडा काढतात. तसं नाही. एकाच वाघाचा ठसा चिखलात पसरतो, कोरड्या मातीत आखडतो. २००६ पासून देशातली गणना जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर आली. फोटोतल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात.

कॅमेरे जोडीनं, वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर. डाव्या कुशीचे पट्टे उजवीशी जुळत नाहीत. एकेकच बाजू मिळाली तर एकाचे दोन वाघ व्हायचे! जोडी अगदी समोरासमोर नको, एकमेकांच्या फ्लॅशनं फोटो पांढरे पडतात. लेन्ससमोरची कारवी आधी छाटायची. उन्हानं तापलेलं पान हललं तरी कॅमेरा क्लिक होतो आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं.

ठसे आजही नोंदवतात, पण वाघाचा वावर कुठे आणि कॅमेरा कुठे, हे ठरवायला.