निराधारचा पगार: दिव्यांगांची फाईल कशी लावायची आणि मंजुरीनंतर ती कशी टिकवायची

आमच्या भागात सगळे याला 'निराधारचा पगार' म्हणतात. कागदावरचं नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना. 1980 पासून ती चालू आहे. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा अनेकांसाठी ती आहे. मी इथे फक्त दिव्यांग अर्जदाराबद्दल लिहिते आहे, कारण माझ्या धाकट्या भावाची फाईल मी स्वतः लावली आणि मंजुरीनंतर दोनदा बंद पडलेला पगार पुन्हा सुरू करून घेतला. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलणं घरच्यांनाच कळतं. कुठे अडतं हे आधी ठाऊक असतं, तर आमच्या निम्म्या चकरा वाचल्या असत्या.

कोणाला मिळतो, किती मिळतो

अर्जदाराचं अपंगत्व किमान 40 टक्के हवं, वय 65 पेक्षा कमी हवं आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य हवं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. इतर गटांसाठी ती 21,000 आहे. गावात कुणी 21,000 सांगून तुम्हाला परत पाठवत असेल, तर दिव्यांगांची मर्यादा वेगळी आहे हे ठामपणे सांगा.

आता 50,000 म्हणजे किती ते पाहा. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एका माणसाने वर्षात 160 दिवस काम केलं, की ही मर्यादा गाठली. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या मुलाचा बाप निम्मं वर्षही मजुरीला गेला नाही, तरच मुलगा निराधार ठरतो. हा आकडा बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण तो बदलत नाही तोवर अर्ज याच आकड्यात बसवावा लागतो.

रक्कम जुलै 2023 पासून महिन्याला 1,500 रुपये झाली, आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500. दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 24 सांगतं की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत द्यावी. तरी त्या मधल्या दोन वर्षांत सगळ्यांना सारखेच 1,500 मिळत होते. जून 2025 मध्ये बच्चू कडू यांनी मोझरीला उपोषण केलं, तेव्हा त्यांची मागणी महिना 6,000 ची होती. 2,500 म्हणजे रोजचे 83 रुपये. मोठ्या माणसाच्या डायपरचं दहाचं पाकीट आमच्याकडे साडेतीनशे-चारशेला येतं, आणि भावाला दिवसाला दोन तरी लागतात.

दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल, वय 18 ते 79 असेल आणि अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल, तर केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतून 300 रुपये येतात आणि उरलेली रक्कम राज्य घालतं. दोन्हींचं मिळून दुप्पट होत नाही, एकूण तेवढंच राहतं. घरातली बाई स्वतः दिव्यांग असेल आणि हा पगार घेत असेल, तर तिला लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहीत. इतर सरकारी योजनेतून महिना 1,500 किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या बाईला ती योजना लागू होत नाही.

आधी अपंगत्वाचा दाखला

बाकी सगळी कागदपत्रं महिन्याभरात जमतात. वेळ जातो तो या एकाच दाखल्यात. म्हणून सुरुवात इथूनच करा.

जुना हाताने लिहिलेला दाखला असला, तरी आता यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र लागतं. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा आणि आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडायचं. नोंदणी क्रमांक मिळतो, तो कागदावर आणि मोबाईलमध्ये दोन्हीकडे ठेवा. मग जिल्हा रुग्णालयात बोर्डाच्या, म्हणजे अपंगत्व तपासणारे डॉक्टर बसतात त्या दिवशी माणसाला समोर न्यावं लागतं. आमच्याकडे तो दिवस बुधवार होता. तुमच्या रुग्णालयात कोणत्या व्याधीचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, हे आदल्या दिवशी फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा. अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा आणि मानसोपचार यांचे डॉक्टर वेगवेगळे असतात. बहिरेपणासाठी बेरा तपासणी लागते, बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांकाची. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते, मग दुसऱ्या शहरात पाठवतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा भावाला उचलून रिक्षात घातलं, कारण एसटीची पायरी त्याला घेऊन चढणं आईला आणि मला जमत नाही. चार तास बाकावर काढले. मग कळलं की ज्या डॉक्टरांची सही लागते ते त्या दिवशी रजेवर आहेत. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तोच प्रवास. त्या आठवड्याचं दूध-किराणा आम्ही उधारीवर आणलं. ज्याला चालता येत नाही त्यानेच सर्वांत जास्त हिंडायचं, अशी ही रचना आहे.

कार्ड तीन रंगांचं असतं. 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 79 पर्यंत पिवळं, 80 आणि वर निळं. पगारासाठी पिवळं किंवा निळं लागतं. हाती आल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट तपासा: दाखला कायमस्वरूपी आहे की तात्पुरता. तात्पुरत्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपली की पगार थांबतो, आणि आधी कळवायला कुणी येत नाही. आमचा पगार पहिल्यांदा याच कारणाने बंद पडला. मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधीच नूतनीकरणाला लावा, कारण 2024 च्या दुरुस्तीनंतर नियमांनीच दाखला देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली आहे. टक्केवारी कमी लावली असं वाटलं, तर निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत अपील करता येतं. रागाच्या भरात दाखला फाडू नका, अपिलाला तोच जोडावा लागतो.

उत्पन्नाचा दाखला आणि बाकीचे कागद

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, पण तो तलाठ्याच्या अहवालावर निघतो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे, पाटीवर ते दिसलं तर गोंधळू नका. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून होतो, त्यालाच गावोगाव सेतू म्हणतात. अहवाल लिहिला जात असताना स्वतः हजर राहा. घरात कोण कमावतं, किती दिवस काम मिळतं, जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तोंडी समजावून सांगा. वेगळ्या राहणाऱ्या भावाची शेती तुमच्या नावावर धरली गेली, तर फाईल तिथेच संपते. खोटं उत्पन्न मात्र लिहून घेऊ नका. पुढे पडताळणी झाली की पगार बंद होतो आणि घेतलेली रक्कमही मागतात.

याशिवाय वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला), रहिवासी दाखला, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात.

सगळे कागद एका ओळीत ठेवून नाव अक्षरनअक्षर जुळतं का ते पाहा. हे काम बिनखर्चाचं आहे आणि जास्तीत जास्त फाईली इथेच अडकतात. माझ्या भावाच्या आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम होता आणि यूडीआयडीवर वडिलांचं नावच नव्हतं. माणूस एकच, पण संगणकाला दोन दिसले. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या.

अर्ज कुठे द्यायचा

तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेचा वेगळा टेबल असतो. अर्ज तिथे थेट द्या किंवा सेवा केंद्रातून भरा, पोच मात्र घ्याच. पोचेवर तारीख आणि क्रमांक हवा. छाननी झाल्यावर फाईल तालुकास्तरीय समितीसमोर जाते, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. बैठक लांबली की फाईलही थांबते. आमचं प्रकरण मंजूर व्हायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांचे पैसे मागाहून मिळाले नाहीत. म्हणून दाखला हातात पडला त्याच आठवड्यात अर्ज द्या.

'त्रुटी आहे' एवढंच तोंडी ऐकून परत येऊ नका. कोणती त्रुटी, ते लेखी मागा. लेखी देत नसतील, तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही शुल्क नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी असा अर्ज केला तेव्हा उत्तर यायच्या आधीच फाईल सापडली.

एजंटाला पैसे देऊ नका. दोन-तीन हजार घेऊन 'करून देतो' म्हणणारे तहसीलच्या दारातच भेटतात. अर्जाला पैसे लागत नाहीत, सेतूत ठरलेलं शुल्क तेवढं लागतं.

पैसे खात्यात का येत नाहीत

पूर्वी तहसीलकडून बँकेत याद्या जात. आता रक्कम डीबीटीने थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते. इथे एक बारकावा आहे, तो मला वर्षभर कुणी सांगितला नाही. बँकेत आधारची झेरॉक्स देणं आणि खातं आधार सीडिंग करणं, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून आधार त्याला जोडून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे तुमच्या अर्जातला खाते क्रमांक पाहून येत नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेशी सीड झालं, तिथे ते जातात. भावाचे चार महिन्यांचे पैसे एका जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून होते, आणि आम्ही तहसीलवर चिडत होतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. तिथे जे बँकेचं नाव येईल, त्या बँकेत आधी चौकशी करा.

बोटांचे ठसे उमटत नसतील, हात वाकडे असतील किंवा बोटंच नसतील, तरी आधार नाकारता येत नाही. अपवादाची नोंद करून ते निघतं. केंद्रावरचा माणूस नाही म्हणाला, तर दुसऱ्या केंद्रावर जा.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती 18 वर्षांची झाली, की बँक सहीचा प्रश्न काढते. आई-वडील असले तरी कायद्याने ते आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानीय स्तर समिती असते, ती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. ते घेऊन संयुक्त खातं उघडता येतं. सतरावं वर्ष लागलं की या कामाला लागा.

दरवर्षीची हजेरी

हयातीचा दाखला आमच्या तहसीलमध्ये 31 मार्चच्या आत मागतात. उत्पन्नाचा दाखलाही सोबत मागू शकतात, तेव्हा डिसेंबरातच चौकशी करून ठेवा. दुसऱ्यांदा पगार थांबला तो यातच. त्या वर्षी आई दवाखान्यात होती आणि माझ्या डोक्यातून तारीख गेली. माणूस खरोखर हलू शकत नसेल तर तलाठ्याने घरी येऊन खात्री करावी, असा साधा अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या. त्यासोबत यूडीआयडीची झेरॉक्स आणि अंथरुणावरचा फोटो जोडा. मी तसा दिला. तलाठी भाऊसाहेब दोन दिवसांनी आले, दारात चप्पल काढून आत आले, भावाच्या शेजारी बसून त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण पुन्हा विचारून, नीट ऐकून त्यांनी ते लिहून घेतलं.

65 पूर्ण झाल्यावर हाच लाभ श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो. त्या महिन्यात तहसीलमध्ये जाऊन नाव वर्ग झालं का ते पाहून या. आणि यूडीआयडी हाती आलंच आहे, तर ग्रामपंचायतीतही एक अर्ज देऊन ठेवा. स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे, आणि मागणारा कुणी नसला की तो तसाच पडून राहतो.