यमपट

यमपट : यमाचा दरबार, तिथला पाप-पुण्याचा निवाडा आणि मरणोत्तर गती यांची चित्रे रंगवलेला कापडी पट. हा पट भर रस्त्यात उघडून, एकेका आकृतीवर काठी टेकवत आणि गात गात परलोकाची हकीकत सांगणाऱ्या फिरस्त्याला संस्कृतात यमपट्टिक (किंवा यमपटिक) म्हणत. रेड्यावर बसलेला यम, चित्रगुप्ताची वही, वैतरणी, कढया आणि करवती हे विषय वाचकांच्या ओळखीचे आहेत. पट कापडाचे, रोज गुंडाळून रोज उघडले जाणारे. प्राचीन यमपटाचा एकही नमुना आज ज्ञात नाही, यात म्हणून नवल नाही. पुढील माहिती मुख्यतः वाङ्मयातील उल्लेखांवरून दिली आहे. यमपट म्हणजे नरकाचे भय घालणारे चित्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उपलब्ध उल्लेख बारकाईने वाचले तर ती अपुरी वाटते: निवाड्याइतकाच मृत्यूपुढे धरायचा धीर हाही या पटाचा विषय होता.

उगमाविषयी एकमत नाही. यमपट्टिकाचा पूर्वज म्हणून ‘मंख’ या चित्रदर्शक भिक्षेकऱ्याकडे बोट दाखवले जाते. जैन परंपरेनुसार आजीवक पंथाचा प्रवर्तक आणि महावीराचा समकालीन गोशाल हा मंखलि नावाच्या मंखाचा मुलगा होता. भगवतीसूत्र या जैन आगमग्रंथाच्या पंधराव्या ‘शतक’ नावाच्या प्रकरणात ही कथा येते, आणि अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेव मंख म्हणजे हातात चित्रफलक घेऊन फिरणारा भिक्षू असे स्पष्टीकरण देतो. याउलट पाणिनीने (6.1.154) ‘मस्करिन्’ हा शब्द परिव्राजक या अर्थी दिला असून तो मस्कर म्हणजे वेळूच्या काठीशी जोडला आहे. पतंजलीला ही व्युत्पत्ती पटलेली दिसत नाही. ‘कर्मे करू नका, शांतीच तुम्हाला श्रेयस्कर’ असे सांगतो तो मस्करी, असे तो म्हणतो. पाली टीकेत आणखी तिसरीच गोष्ट आहे: मालकाने ‘मा खलि’ (घसरू नकोस) असे बजावूनही गोशाल घसरला, म्हणून त्याचे नाव मक्खलि पडले. ही उघडच लोकव्युत्पत्ती आहे. मस्करिन्-मक्खलि-मंखलि ही रूपे एकाच शब्दाची असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास गोशालाच्या बापाचा चित्रफलक ही नावावरून मागाहून रचलेली कथा ठरते. मंख हा व्यवसाय मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही. तरीही मंखाच्या फलकावर यमच असे, असा पुरावा यांपैकी कोणत्याही ग्रंथात नाही, आणि उगमाच्या चर्चेत हा मुद्दा बऱ्याचदा निसटतो.

विषयाच्या दृष्टीने अधिक जवळचा उल्लेख पाली वाङ्मयात सापडतो. संयुत्तनिकाय या बौद्ध सूत्रसंग्रहाच्या खंधवग्ग या भागात बुद्ध भिक्षूंना विचारतो, ‘चरण नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे का?’ आणि पुढे सांगतो की तेही चित्र चित्तानेच कल्पिलेले आहे. पालीत चित्र आणि चित्त या दोहोंसाठी ‘चित्त’ हाच शब्द असल्यामुळे साधलेला हा श्लेष आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या टीकेनुसार काही ब्राह्मण परिव्राजक कापडावर सुगती-दुर्गतीची चित्रे काढून, ‘हे कर्म केले की हे मिळते, ते केले की ते मिळते’ असे दाखवत हिंडत. चरणचित्र म्हणजे हेच. यमपटाचे इतके नेमके वर्णन त्याआधी नाही. परंतु मूळ सूत्र आणि टीका यांत कित्येक शतकांचे अंतर आहे. बुद्धघोष आपल्या काळात पाहिलेली गोष्ट सांगत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात (3.1.26, इ. स. पू. सुमारे दुसरे शतक) कंसवधाच्या संदर्भात शौभिक, चित्रे आणि ग्रंथिक (कथा वाचून सांगणारे) यांचा उल्लेख येतो. शौभिक हे मूक नट किंवा छायाचित्रे यांचे निवेदन करणारे होते, असे जर्मन विद्वान हाइन्रिश ल्यूडर्स यांनी मांडले. नाटकाच्या उगमाच्या वादात त्या उताऱ्याचा इतका कीस पाडला गेला आहे की यमपटाच्या इतिहासासाठी त्यावर भार न टाकलेला बरा.

पहिला निःसंदिग्ध नामोल्लेख बहुधा विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण नाटकाचा काळ. भरतवाक्यात (नाटकाच्या शेवटच्या आशीर्वादपर श्लोकात) राजाचे नाव हस्तलिखितांनुसार बदलते. ‘चंद्रगुप्त’ हा पाठ धरणारे (जयस्वाल, स्टेन कोनो) नाटक दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात, चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीवर नेतात. ‘अवंतिवर्मा’ हा पाठ घेणाऱ्यांतही फूट आहे. के. ह. ध्रुव यांच्या मते हा सहाव्या शतकातला मौखरी राजा, तर याकोबी यांनी तो काश्मीरचा राजा मानून नाटकातल्या ग्रहणाची सांगड 860 मधील ग्रहणाशी घातली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मुंबई संस्कृत मालेतील आपल्या आवृत्तीत (1884) सातव्या-आठव्या शतकाकडे कल दाखवला होता. याकोबींच्या मताला आज फारसे अनुयायी नाहीत. नाटक त्याहून बरेच आधीचे असावे, यापलीकडे निश्चित सांगणे कठीण आहे.

पहिल्या अंकात चाणक्याचा हेर यमपट्टिकाच्या वेषात, पट घेऊन, प्राकृतात गात येतो: ‘पणमह जमस्स चलणे किं कज्जं देवएहिं अण्णेहिं’. यमाच्या पाया पडा, बाकीच्या देवांशी काय काम. इतरांच्या भक्तांचा ‘चडपडन्तं’ जीव हा हिरावून नेतो. (मराठी वाचकाला इथे आपल्या ‘चडफडण्या’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही.) दुसऱ्या पदात तो म्हणतो, जो सगळ्या जगाला मारतो त्या यमावरच आम्ही जगतो. हा श्लेष धंद्यावरचा आहे, आणि तो प्रेक्षकांना लगेच कळावा इतके हे फिरस्ते त्या काळी परिचित असले पाहिजेत. दारात अडवणाऱ्या चाणक्याच्या शिष्याला हेर सांगतो, मला आत जाऊ दे, तुझ्या गुरूला पट पसरून धर्म शिकवतो. शिष्य चिडतो. पुढचा वृत्तांत अधिक महत्त्वाचा आहे. हा हेर जवाहिऱ्या चंदनदासाच्या घरी पट पसरून गाऊ लागतो. पाचेक वर्षांचे एक पोर कुतूहलाने बाहेर डोकावते, आतून बायकांचा गलका होतो, एक हात त्याला मागे ओढतो आणि त्या हातातली सैल अंगठी घरंगळत हेराच्या पायाशी येते. तीच राक्षसाची, म्हणजे चाणक्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या नंदांच्या अमात्याची, मुद्रा. साऱ्या नाटकाची कळ या अंगठीत आहे, आणि ती फिरते यमपटामुळे. यमपट्टिकाला कोणाच्याही घरात वाव असे, आणि त्याचा पहिला प्रेक्षक लहान मूल असे, या दोन गोष्टी इथून हाती लागतात.

बाणभट्टाचे हर्षचरित (सातवे शतक) हा मात्र काळाविषयी वाद नसलेला साक्षीदार आहे. पाचव्या उच्छ्वासात (प्रकरणात) बाप प्रभाकरवर्धन तापाने फणफणल्याचे कळून तरुण हर्ष अन्नपाण्यावाचून घोडा दौडवत राजधानीत येतो आणि बाजारपेठेत शिरताच त्याला यमपट्टिक दिसतो. भोवती पोरांचा गराडा. उभ्या काठ्यांच्या आधाराने ताणलेला पट डाव्या हातात, त्यावर भीषण रेड्यावर बसलेला प्रेतनाथ. उजव्या हातातल्या बोरूने तो परलोकाची हकीकत सांगतो आहे. बाणाच्या ‘ऊर्ध्वयष्टिविष्कम्भवितते’ या शब्दाचा अर्थ लावताना टीकाकार थोडे अडखळतात. काठ्या दोन की एक, आणि पट नुसता टांगलेला की चौकटीवर ताठ केलेला, हे समासावरून ठरत नाही. पट एका हातात पेलला जातो, एवढे पाहता बंगाली पटासारखी वीतवीत उलगडत जाणारी लांब गुंडाळी इथे अभिप्रेत नसावी. मध्यभागी यम आणि सभोवार त्याचा निवाडा असे एकच विस्तारलेले चित्र असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मुद्राराक्षसातील ‘पसारिअ’ (पसरून) हा शब्द दोन्ही प्रकारांना लागू पडतो.

हर्षाच्या कानावर पडलेला श्लोक असा :

मातापितृसहस्राणि पुत्रदारशतानि च ।
युगे युगे व्यतीतानि कस्य ते कस्य वा भवान् ॥

हजारो आईबाप आणि शेकडो बायका-मुले युगायुगांत होऊन गेली. ती कोणाची आणि तू तरी कोणाचा? पहिली ओळ महाभारताच्या शेवटी येणाऱ्या, भारतसावित्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्लोकांतलीच आहे, दुसरी वेगळी. त्यामुळे फिरस्त्यांच्या तोंडी असलेले हे एखादे तरंगते सुभाषित बाणाने उचलले असणे शक्य आहे. श्लोकात करवत नाही, कढई नाही, पापाचा हिशेबही नाही. चित्र निवाड्याचे आणि गाणे वियोग सोसण्याचे, अशी ही जोडी आहे. काही दिवसांत आईची सती आणि बापाचा मृत्यू पाहणार असलेल्या मुलाला बाणाने नेमके हेच गाणे ऐकवले. ही कवीची योजना आहे हे खरे, पण यमपट्टिक असे काही गातच नसते तर ती वाचकांना पटली नसती.

याच कल्पनेची बौद्ध आणि जैन रूपे स्वतंत्र नोंदींचे विषय आहेत. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या टोकाला भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे, भग्न भित्तिचित्र आहे. सुरुवातीच्या पाहुण्यांनी त्याला राशिचक्र समजून लेण्यालाच ते नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिबेटी बौद्ध धर्माचे अभ्यासक वॉडेल यांनी तिबेटी चक्रांशी तुलना करून त्याची ओळख पटवली. विहाराच्या दारी पाच गतींचे चक्र रंगवावे आणि येणाऱ्यांना ते समजावून सांगायला एक भिक्षू नेमावा, अशी आज्ञा दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात आहे. यमपट्टिकाचे काम इथे भिंतीपाशी स्थिरावलेले दिसते. चक्र धरणाऱ्याला यम म्हणण्याची प्रथा आहे. ग्रंथाप्रमाणे ती अनित्यता होय. जैन आचार्य उद्द्योतनसूरीच्या कुवलयमाला या प्राकृत कथाग्रंथात (शके 700 संपायला एक दिवस असताना जालोर येथे पूर्ण, म्हणजे इ. स. 779) संसारचक्राचा पट दाखवल्याचे विस्तृत वर्णन येते. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेला हा ग्रंथ मराठी वाचकांना ‘दिण्णले गहिल्ले’ बोलणाऱ्या मरहट्ट्यांमुळे ठाऊक असतो. पटाचा भाग त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

यानंतर बराच काळ उल्लेख तुरळक आहेत. पूर्व भारतात परंपरा टिकली, पण दुसऱ्या कथांच्या आधाराने: बंगालच्या पटुआ (चित्रकर) लोकांच्या गुंडाळीपटांत कथा कोणतीही असली तरी शेवटी यमाचा दरबार येण्याची चाल आहे. मुसलमान पिराच्या कथेचे गाझी पटही याला अपवाद नाहीत. त्यांच्या तळाच्या चौकटींत यमदूत, कालदूत आणि यमाची आई असतात. विसाव्या शतकात ‘करनी भरनी’ नावाची छापील चित्रे बाजारात आली. मधे यमधर्म, भोवती अपराध आणि शिक्षा यांच्या चौकटी. त्यांत निवाडा उरला, गाणारा गेला. महाराष्ट्रात पिंगुळीच्या (ता. कुडाळ) ठाकर समाजाची चित्रकथी आणि पैठणी म्हणून ओळखली जाणारी चित्रे याच चित्रदर्शक कुळातली असली, तरी तिथे सुट्या कागदांच्या पोथ्या असतात आणि त्यांत मुख्यतः रामायण-महाभारताच्या कथा. यमपटाशी त्यांचा थेट धागा दाखवता येत नाही.

संथाळ परगण्यातील जादुपटुआंची प्रथा वेगळी म्हणून नोंदवण्यासारखी आहे. घरात मृत्यू झाला की जादुपटुआ मृत व्यक्तीची म्हणून एक आकृती काढून आणतो. तीत सगळे असते, फक्त डोळ्यातली बाहुली नसते. तुमचा माणूस परलोकात आंधळा भटकतो आहे, असे तो सांगतो. घरचे त्याला पैसे, धान्य, एखादे भांडे देतात, आणि मग तो कुंचल्याने त्या डोळ्यात ठिपका भरतो. याला चक्षुदान म्हणतात.